देवळाखालची माती

आमच्याकडं चर्चला देऊळ म्हणतात. आताची पोरं चर्च म्हणतात, पण आईच्या वयाची माणसं अजून "देवळात गेल्ते" असंच सांगतात, आणि ऐकणारा परका असला की त्याला वाटतं, मारुतीच्या नाहीतर महादेवाच्या. ह्या एका शब्दावरून मी बऱ्याच जणांशी वाद घातलेत. शेवटी ज्या शब्दानं मला फसवलं तो हा नव्हताच.

दिवाळी झाली आणि आईच्या पायांवर सूज चढली. चार पावलं चालली की भिंतीला टेकायची. डॉक्टरांनी तिला आत बसवून ठेवलं, मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हृदय थकलंय, उन्हाळा निघेल असं वाटत नाही. आई आत गोळ्यांच्या जाहिरातीचं चित्र बघत बसली होती. परत येताना रिक्षात म्हणाली, "काय म्हणला?" मी म्हटलं, "मीठ कमी खा म्हणाला." ती हसली.

त्यानंतर काही दिवसांनी, मी चहा गाळत होते तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, "मला देवळाखाली माती द्यायची हाय."

"कुठल्या देवळाखाली?"

"जुन्या गावच्या."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरण्याला माती देणं म्हणतात. म्हातारं माणूस आपल्या मातीची गोष्ट काढतं तेव्हा उलट प्रश्न विचारायचा नसतो. मी विचारला नाही. "बरं," म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

खरं तर मला रागही आला होता. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, ते नगरच्या कबरस्थानात आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा आम्ही आईसाठी राखून ठेवलीय. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याला तिथं एकटं ठेवून ही बाई निघाली कुठं, तर धरणाच्या पाण्यातल्या, जिथं चिटपाखरू राहत नाही अशा बेटावर! तिथं पुरलेल्या सासरच्या माणसांवर तिचं एवढं प्रेम कधी मी बघितलं नव्हतं. सासूचं नाव निघालं की ती पदर झटकायची.

जुनं गाव मी पाहिलेलंच नाही. माझा जन्म धरणानंतरचा, पुनर्वसनाच्या पत्र्याच्या घरातला. ऐकून माहीत होतं ते एवढंच की गाव नदीकाठी होतं आणि आमची वस्ती गावकुसाबाहेर, वर माळाच्या टेकाडावर. गोऱ्या पाळकानं देऊळही तिथंच बांधलं, काळ्या दगडाचं, कारण आम्हाला खाली जागा कोण देणार? धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालचं सगळं बुडालं, गावाची वेस, चावडी, मोठमोठ्यांचे वाडे. आमचं टेकाड तेवढं वर राहिलं. बाबा म्हणायचे, "गावानं दूर ठेवलं म्हणून आपला देव बुडाला न्हाई." म्हणायचे आणि एकटेच हसायचे. गाव उठलं तेव्हा बाकीच्यांनी आपापले देव हलगी वाजवत नव्या गावठाणात नेले. आमच्या लोकांनी घंटा उतरवली, बाकं आणि प्रभुभोजनाचं टेबल बैलगाडीत घातलं. पाळक म्हणाले, आपला देव काही दगडात बसलेला नाही. भिंती तिथंच राहिल्या, आणि मेलेलेही तिथंच राहिले.

तर मी लागले कामाला. माझी नोकरी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. दिवसभर माईकवर बोंबलायचं आणि काचेच्या भोकातून आलेले अर्धे प्रश्न ऐकून पूर्ण उत्तरं द्यायची. माणूस "राहु..." म्हणाला की मी "तीन नंबरला उभी आहे" म्हणून मोकळी. पुढचं ऐकायची सवयच उरली नाही. निवृत्त झाले तरी आवाज तोच राहिला. घरात बोलले तरी शेजारची बाई म्हणते, "ताई, कुठली गाडी लागली?"

भावाला पुण्याला फोन केला. तो भडकला. "तिला काय झालंय? बाबांच्या शेजारची जागा आहे ना? आणि बेटावर मढं न्यायचं कसं, होडीत घालून? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मरू दे. तिची शेवटची इच्छा आहे."

"इच्छा तिची आहे की तुझी? तुला भांडायला काहीतरी लागतंच."

असला आमचा प्रेमाचा संवाद. मग मी पाळकसाहेबांकडं गेले. साहेब तरुण, गोड बोलणारे. म्हणाले, ते कबरस्थान धरणाच्या हद्दीत गेलंय, पाणी पिण्याचं आहे, तिथं कुणालाही माती देता येणार नाही. मी म्हटलं, तिथं आधीच पाच पिढ्या आहेत, त्यांना काय बाहेर काढलंत का? ते म्हणाले, आपण प्रार्थना करू. मी म्हटलं, प्रार्थना मी घरी करते, तुम्ही अर्ज करा. त्यांनी अर्ज केला नाही. मी केला. ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात, साहेब मीटिंगला, साहेब साइटवर. डिसेंबर असाच गेला. आई रात्री उशा रचून बसूनच झोपायला लागली. आणि अधूनमधून तेच वाक्य: "माती द्यायची राह्यलीय बग." मला वाटायचं, तिला वाटतंय मी हयगय करतेय. मी खेकसायचे, "करतेय ना आई! माझ्या हातात आहे का?"

ती पाठीशी उशी सारखी करून डोळे मिटायची.

नाताळ झाल्यावर ती म्हणाली, "मला तिथं घिऊन चल."

"पाणी भरलंय आता. उन्हाळ्यात उतरलं की जाऊ."

"उन्हाळ्यात मी हाय का न्हाई?"

मला वाटलं, तिला आपली जागा एकदा डोळ्यांनी बघायचीय. मलाही ती बघायचीच होती. जागा दाखवून, फोटो काढून पुन्हा धरणाच्या ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर आपटायचे होते.

गाडी ठरवून निघालो. राहुरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांनी जीव नकोसा केला. एकीच्या मागं दुसरी, ओव्हरटेक करायची सोय नाही. आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. मी दर थोड्या वेळानं मागं बघत होते. मग आत वळलो आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं पाण्याच्या कडेला पोचलो. तिथं मासेमारी करणाऱ्यांची चार पालं होती. एकाशी फोनवर बोलून ठेवलं होतं. चाळिशीतला, तोंडात तंबाखू, आईकडं बघून त्याचा चेहरा पडला.

"ताई, मावशींना होडीत? काय झालं-बिलं तर?"

"झालं तर माझ्यावर. तू होडी काढ."

चहाच्या टपरीवरून त्यानं एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि होडीत मधोमध ठेवली. आम्ही दोघांनी आईला उचलून तीत बसवलं. मी तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा उचललं होतं. काहीच वजन नव्हतं, पाय तेवढे पाण्यानं जड.

होडीवाल्याला वाटत होतं आम्ही नवस फेडायला निघालोय. "तिथं देव न्हाई हो कुठला," म्हणाला. "नुसत्या भिंती हायेत. त्यो लग्नाआधीचा फोटो काढायला येत्यात पोरं-पोरी. लई येत्यात." आई पाण्याकडं बघत होती. मध्येच तिनं हात पाण्यात घातला आणि लगेच काढून घेतला. "हितं गावची शाळा हुती," म्हणाली. खाली हिरवं काळं पाणी होतं.

बेट म्हणजे एक उघडं टेकाड, वेड्या बाभळींनी खाल्लेलं. वर देऊळ. छत कधीच गेलेलं, पण भिंती उभ्या, काळ्या, खिडक्यांच्या कमानी शाबूत. जवळ गेल्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. आत शेळ्यांच्या लेंड्या, बाटल्या, रंगीत धुराच्या नळकांड्या. पाळक उभे राहायचे त्या पायरीवर थर्माकोलचं तुटकं इंग्रजी अक्षर पडलं होतं आणि भिंतीवर कुणीतरी लाल रंगात बदाम काढून त्यात दोन नावं लिहिली होती. "मेल्यांनो, तुमची लग्नं टिकायची नाहीत," मी मोठ्यानं म्हटलं. होडीवाला हसला. मला हसू आलं नाही. इथं माझ्या आजीचं, पणजीचं लग्न लागलं होतं. इथं त्या रविवारी पांढरी लुगडी नेसून बसायच्या, आणि आता शेळ्याही हागून निघून जातात.

देवळाभोवती दगडी कुंपण आहे, कमरेएवढं. कुंपणाच्या आत कबरी. काही सपाट झालेल्या, काहींचे दगड चुलीसाठी उपटलेले. पण जमीन कोरडी होती. पाणी इथवर येत नाही. पणजोबांचा दगड मला सापडला, त्याच्यावरचा क्रूस बोटांनी चाचपून ओळखला. त्याच्या शेजारी निंबाच्या झाडाखाली चांगली मोकळी जागा होती. मला आनंद झाला, हो, आनंदच. इतकी वणवण केली ती फुकट जाणार नाही असं वाटलं. आम्ही खुर्चीसकट आईला तिथं आणून ठेवलं.

"आई, ही बघ जागा. पणजोबांच्या शेजारी. सावलीपण आहे."

"कुणाला?"

"तुला."

आईनं माझ्याकडं बघितलं. "मला? मी मेलीय का?"

"अगं, तूच म्हणालीस ना, मला देवळाखाली माती द्यायची?"

"व्हय. मग?"

"मग हीच ना जागा!"

"ही कशाला? देवळाखाली म्हनले मी." तिनं कुंपणाच्या पलीकडं, उताराकडं हात केला. तिथं पाणी होतं. "आणि मला न्हाई गं द्यायची. मला द्यायची हाय. म्या. त्याला."

मला काही कळेना. ती चिडली, श्वास पुरत नव्हता तरी चिडली. "माज्या पहिल्याला! माज्या हातची माती त्याला मिळाली न्हाई. ती द्यायची हाय मला. दिवाळीपासनं घसा कोरडा करून सांगती, तू आपली अर्ज करत सुटलीस."

आमच्या आधी आईला एक मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढं मला माहीत होतं. एकदाच, कधीतरी लहानपणी, कुणाच्या तरी बोलण्यात ऐकलेलं. घरात त्याचा विषय नव्हता. त्याला नावही नव्हतं, म्हणून तो आला-गेला असं कुणी म्हणतही नव्हतं.

ती खुर्चीत बसून तुटक तुटक सांगत गेली. बाळ जन्मल्यापासून दूध ओढत नव्हतं. पाळक फेरीवर होते, दुसऱ्या गावांना. ते यायच्या आत बाळ गेलं, त्यामुळं बाप्तिस्मा झाला नाही. देवळाच्या मंडळीच्या पंचांनी सांगितलं, बाप्तिस्मा नाही तर कुंपणाच्या आत जागा नाही. मग सासऱ्यांनी आणि बाबांनी त्याला तिच्याच जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं आणि कुंपणाच्या बाहेर, खाली उतारावर नेऊन पुरलं. असली अजून काही पोरं होती तिथं, ओळीनं. तिला जायचं होतं. निदान एक मूठ तरी. सासू दारात आडवी झाली. ओल्या बाळंतिणीनं मातीला जायचं नसतं, पुढचं मूल धरत नाही. छातीतून दूध गळत होतं आणि ती शेगडीपाशी बसून होती.

"मग नंतर?"

"नंतर काय? नंतर पुरलेल्याला कोन माती देतं? धरनाचं पानी आलं तवा सगळ्यात आधी त्योच बुडाला. आतले सगळे कोरडे ऱ्हायले, माजा तेवढा..." ती थांबली. "तुज्या बापाला लई बारी म्हनले, एकदा उन्हाळ्यात चला. त्यो म्हनायचा, मूठमाती दे आता त्या गोष्टीला. मी म्हनायची, अवं, तीच तर द्यायची राह्यलीय."

बाबांवर मला इतका संताप आला, की ते समोर असते तर काय बोलले असते ठाऊक नाही. आणि त्या पंचांवर. आणि दारात आडव्या झालेल्या त्या म्हातारीवर, जिचा दगड बहुतेक माझ्या पायाजवळच कुठंतरी होता, कोरडा, कुंपणाच्या आत. मी त्या सगळ्यांना तिथंच शिव्या घातल्या, मेलेल्यांना घालू नयेत तसल्या. होडीवाला लांब जाऊन पाठ करून उभा राहिला. आई म्हणाली, "बास कर. येळ जातोय."

"उन्हाळ्यात पाणी उतरलं की..." मी म्हणायला लागले आणि थांबले.

"आज," आई म्हणाली. "आतली माती घे. देवळातली. त्याला आत घेतलं न्हाई ना."

मी देवळात गेले. लेंड्या, काचा बाजूला सारल्या आणि पायरीच्या खालची माती नखांनी उकरली. बरीच कडक होती. होडीवाल्यानं बिनबोलता कोयता आणून दिला. आईच्या शालीचं एक टोक भरून माती घेतली, आईला उचलून परत होडीत बसवलं आणि कुंपणाच्या बाहेरच्या बाजूनं, पाण्यातून, ती सांगेल तिकडं गेलो. ती देवळाचा कोपरा बघायची, समोरच्या डोंगराची खिंड बघायची आणि हातानं दाखवायची, अजून अलीकडं, अजून थोडं. पाण्यातून एका वाळलेल्या बाभळीचा शेंडा वर आला होता. त्याला होडीवाल्यानं दोर अडकवला.

"हितंच," आई म्हणाली.

तिनं शालीत हात घातला. निम्मी माती तिच्याच मांडीवर सांडली. तिनं प्रार्थना म्हटली नाही. मातीच्या वेळी पाळक जे म्हणतात ते तिला तोंडपाठ आहे, इतक्या जणांच्या मातीला ती गेलीय. पण तिनं फक्त मूठ पाण्यावर धरून उघडली. माती पाण्यात पडली, एक तांबूस ढग झाला, पसरला आणि विरून गेला. पुन्हा मूठ. पुन्हा तसंच. मी पाण्याकडं बघत होते आणि मला वाटत होतं, निदान एक ढेकूळ तरी खाली जाऊ दे, एक तरी. सगळी संपली. शाल झटकली तरी काही उरलं नव्हतं.

आईनं वाकून पाण्यात बघितलं. मग मला विचारलं, "पोचली का गं?"

मी आयुष्यभर खिडकीतून लोकांना बेधडक उत्तरं दिली. ह्या वेळी आधी तळ बघायचा होता. मी होडीवाल्याच्या हातातली वल्ह्याची काठी घेतली आणि पाण्यात सोडली. खांद्यापर्यंत हात आत गेला तरी तळ लागला नाही.

"दोन पुरुष, मानसावर मानूस बुडंल एवढं पानी हाय हितं," होडीवाला हळूच म्हणाला. "माती अर्ध्यातच विरघळती, मावशी."

मी आईकडं बघितलं नाही. मला वाटलं ती आता रडेल, आणि मीही रडेन, आणि मग परत जाऊ. तिला धाप लागली होती, ओठ निळे पडायला लागले होते. मी म्हटलं, "आई, बास. चल आता घरी."

तिनं ओली शाल माझ्या अंगावर टाकली.

"मग अजून आन," ती म्हणाली.

होडीवाल्यानं दोर सोडला आणि होडी काठाला लावली. मी टेकाड चढून देवळात गेले, कोयत्यानं उकरली, शाल भरून आणली. ती टाकली. ती संपली. आई म्हणाली, "अजून." मी पुन्हा गेले.